तळटीप : देवलदेवी आणि वेरूळ

देवलदेवी : गुजरातचा वाघेला राजा कर्ण आणि राणी कमलादेवी यांची मुलगी. अलाउद्दीन खिलजीच्या १२९९च्या स्वारीत कमलादेवी दिल्लीकरांच्या हाती लागली. कर्ण पुढे बागलाणात आश्रयाला राहिला. रामचंद्रदेव यादवाचा मुलगा शंकरदेव याच्याशी लग्नासाठी देवलदेवीला देवगिरीला नेत असताना, लेणी पाहायला गेलेल्या खिलजी शिपायांशी वेरूळजवळ अचानक गाठ पडली आणि ती पकडली गेली, असे फिरिश्ता सांगतो. प्रसंग कादंबरीकाराला आयताच मिळालेला. पण फिरिश्ता लिहितो तो तब्बल तीनशे वर्षांनंतर. शाहजादा खिज्रखान आणि देवलदेवी यांची प्रेमकथा अमीर खुसरोच्या मसनवीतून आली. खुसरो समकालीन खरा, पण पडला दरबारी कवी. धरून आणलेल्या मुलीच्या मनात काय होते, याची साक्ष त्याच्याकडून घेऊ नये. काही इतिहासकार तर देवलदेवीच काल्पनिक मानतात. नंदशंकर मेहतांच्या 'करणघेलो' (१८६६) या गुजराती कादंबरीने ही कथा आधुनिक वाचकांपर्यंत नेली. प्रस्तुत प्रकरणातील लेण्यांमधला संवाद सर्वस्वी लेखकाचा आहे. अलाउद्दीनच्या मृत्यूनंतर १३१६मध्ये मलिक काफूरने खिज्रखानाचे डोळे काढवले, हे मात्र इतिहासात नोंदलेले आहे. — संपा.