"तुझंच काही चुकलं असेल"

मागच्या बैठकीत हप्ते लिहून झाल्यावर एका ताईंनी विचारलं, "लेक कर्जतला कॉलेजला जाते. तिथं कुणी वावगं वागलं तर तिनं सांगायचं कुणाला?"

मला माझ्या वर्गातली मुलगी आठवली. तिनं तक्रार केली, तर तिच्या वडिलांना बोलावून सांगितलं, "बदनामी तुमचीच होईल, मिटवा." मुलगा परीक्षेला बसला, ती घरी बसली. नियम तेव्हाही होता. आम्हाला तो माहीत नव्हता. म्हणून आज त्याची गोष्ट सांगते.

1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी लैंगिक अत्याचार केला. सेशन्स कोर्टानं त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. का? तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमतीच असणार! 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी न्यायालयाला उघड पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

पुढे राजस्थानात बालविवाह थांबवणाऱ्या भंवरीदेवींवर 1992 मध्ये बलात्कार झाला. आपल्यासारखीच गावोगाव फिरणारी कार्यकर्ती ती. त्यातून 1997 चा विशाखा निकाल आला: कामाच्या ठिकाणी तक्रार समिती हवीच. 2013 मध्ये त्याचा कायदा झाला आणि 2016 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे कॉलेजांसाठी नियम आले.

या नियमांनी काय बदललं? पूर्वी अशी तक्रार कॉपी किंवा मारामारीसारखी शिस्तीची बाब समजून प्राचार्यांच्या खोलीत संपायची. आता अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष ज्येष्ठ महिला, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती हवी. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थीही समितीत बसतात. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. अडचण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. मुलीचं नाव गुप्त ठेवायचं. समेट तिनं स्वतः मागितला तरच, आणि पैसे देऊन तर नाहीच. दोषी विद्यार्थ्याला निलंबित करता येतं, काढूनही टाकता येतं.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. समिती म्हणजे पोलीस नव्हे. बलात्कार हा गुन्हा आहे. समितीकडे अर्ज दिला म्हणून पोलिसांत जायचं थांबायचं नाही, आणि तिला जायचं असेल तर कॉलेजनं मदत करायची आहे. मुलगी अठराच्या आतली असेल, म्हणजे अकरावी-बारावीतली, तर 2012 चा पॉक्सो कायदा लागतो. तिथं माहिती असलेल्यानं कळवणं बंधनकारक आहे.

कर्जत असो की खोपोली, लेकीच्या कॉलेजात फी भरायला जाल, तेव्हा समितीच्या नावांचा फलक कुठे आहे ते विचारा. नसेल तर चार जणींनी मिळून अर्ज द्या. गटात कर्जाचा अर्ज लिहितो, तसाच हाही लिहिता येतो.

आणि लेकीनं कधी तोंड उघडलं, तर पहिलं वाक्य "तुझंच काही चुकलं असेल" हे नको. "बस, सांग मला," एवढंच म्हणा.