नेट चालू, तरी साइट उघडत नाही? डीएनएस तपासा

अर्जाची शेवटची तारीख, राउटरचा दिवा हिरवा, पण एकही साइट उघडत नाही. जाफराबादमधील घर असो वा मुंबईतील, अशा वेळी दोष डीएनएसचा असू शकतो. साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी ही यंत्रणा आहे.

तपासणी : संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत ‘पिंग ८.८.८.८’ टाइप करा. उत्तर आले, तर लाइन ठीक आहे. न आल्यास नेट कंपनीला कळवा.

उपाय : राउटरमधील जुनी सेटिंग लिहून ठेवा. प्रायमरी डीएनएस ८.८.८.८ (गूगल, २००९) आणि सेकंडरी १.१.१.१ (क्लाउडफ्लेअर, २०१८) भरून राउटर रीस्टार्ट करा.

एकच अँड्रॉइड फोन अडला, तर त्यातील ‘प्रायव्हेट डीएनएस’ बंद करून पाहा.

डीएनएस बदलल्याने डाउनलोडचा वेग वाढत नाही.