विड्याचा कात ते सीरमची बाटली

गेल्या महिन्यात मी एक सीरम घेतलं. बाटलीवर लिहिलेलं: 'कॅटेचिनयुक्त, उन्हापासून कोलॅजेनचं रक्षण'. आजीने चष्मा लावून वाचलं आणि पानाचा डबा पुढे सरकवला. "कॅटेचिन? म्हणजे आपला कातच की रे!" मी हसलो. मग शोधलं, तर आजी बरोबर निघाली.

कॅटेचिन हे नाव आलंय 'कटेचू'वरून. कटेचू म्हणजे खैराचा गाभा उकळून, रस आटवून केलेला कात. आपल्या रायगड-ठाण्याकडच्या कातकऱ्यांना नाव मिळालं ते याच कामावरून.

आता चला 1803 सालच्या लंडनला. तिथे कातडं कमवायला ओकची साल वापरायचे. हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने मुंबई आणि बंगालचा कात तपासला. 200 ग्रेन मुंबई कातात 109 ग्रेन टॅनिन, बंगालच्यात 97. म्हणजे निम्म्याच्या आसपास टॅनिनच!

टॅनिन हे पॉलिफेनॉल. ते कातड्यातल्या कोलॅजेनच्या धाग्यांना घट्ट धरतं, म्हणून कातडं कुजत नाही. कोल्हापुरी चपलेचं कातडंही बाभळीची साल आणि हिरड्याने असंच कमावतात.

पण थांबा. चपलेचं कातडं मेलेलं, आपली त्वचा जिवंत. तिथे भानगड वेगळी. 1996 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की अतिनील किरणांमुळे त्वचेत कोलॅजेन कापणारी एन्झाइम्स वाढतात. पेशींवरच्या प्रयोगांत ग्रीन टीमधल्या कॅटेचिन्सनी या एन्झाइम्सना आवर घातलेला दिसतो. 2001 च्या एका अभ्यासात ग्रीन टीचा अर्क आधी लावलेल्या माणसांच्या त्वचेवर अतिनील किरणांनी येणारी लाली कमी झाली.

म्हणून सनस्क्रीन सोडायचं का? अजिबात नाही! पॉलिफेनॉल्स मदतनीस आहेत, छत्री नाहीत. आणि कृपा करून घरचा कात तोंडाला फासू नका.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहिली. इंग्रजांच्या वनकायद्यांनी जंगलावर बंधनं आली आणि कातकऱ्यांचा कात पाडायचा धंदा मोडला. त्यांच्या कामाचं नाव आज माझ्या बाटलीवर आहे. ते मात्र वीटभट्ट्यांवर राबतायत. पुढच्या वेळी 'कॅटेचिन' वाचाल, तेव्हा एवढं आठवा.

भेटू पुढच्या भागात. टोपी घालून बाहेर पडा!