जुन्या कंबाइन हार्वेस्टरच्या टाकीतून धान्य बाहेर पडत नसेल तर काय तपासावे?

टाकी भरली आहे, ट्रॉली शेजारी उभी आहे आणि ऑगर पाइपमधून धान्य येत नाही, किंवा अगदी कमी धारेने येते. जुन्या कंबाइन हार्वेस्टरवर ही अडचण ऐन काढणीत वारंवार येते. सोयाबीन काढणीच्या वेळी परतीचा पाऊस तोंडावर असतो. त्यामुळे घाईघाईत तुटलेला बोल्ट बदलला जातो, तो पुन्हा तुटतो, मग त्या जागी जाड बोल्ट किंवा खिळा ठोकला जातो आणि शेवटी गिअर फुटतो. दहा रुपयांच्या बोल्टचे काम मग अनेक दिवसांचा खोळंबा करते. हे टाळण्यासाठी इंजिनपासून पाइपच्या तोंडापर्यंत फेरा ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने क्रमाने तपासणी करा.

तपासणीपूर्वी सुरक्षितता

- इंजिन बंद करा, चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि सर्व भाग पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा.
- इंजिन चालू असताना टाकीत उतरू नका, हात, पाय किंवा काठीही घालू नका. तळाचा ऑगर धान्याखाली झाकलेला असतो. तो दिसत नाही, पण पाय ओढून घेतो. अडकलेले धान्य अचानक सुटले, तर माणूस त्यात रुतू शकतो.
- सैल बाह्या, उपरणे, गमछा, ओढणी फिरत्या भागांजवळ नको.
- पाइप उघडण्यापूर्वी वर वीजतारा आहेत का ते पाहा. शेतातील लोंबकळणाऱ्या तारांना पाइप लागण्याचा धोका मोठा असतो.
- अडकलेला ऑगर मोकळा करताना ताणलेला पट्टा झटक्याने फिरू शकतो. म्हणून लिव्हर बंद स्थितीत आणून पट्टा सैल झाल्याची खात्री करा.

धान्य बाहेर येते कसे?

बहुतेक जुन्या यंत्रांत रचना साधारण अशी असते. इंजिनाकडून येणारा फेरा पट्ट्याने एका पुलीला मिळतो. लिव्हर ओढल्यावर आयडलर पुली हा पट्टा ताणते. पुढे साखळी व स्प्रॉकेटमधून तळाचा आडवा ऑगर फिरतो. तो धान्य टाकीच्या कोपऱ्यात आणतो, तेथून उभा ऑगर ते वर चढवतो आणि वरचा ऑगर पाइपमधून ट्रॉलीत टाकतो. स्प्रॉकेटजवळ एक मऊ बोल्ट असतो, त्याला शिअर बोल्ट म्हणतात. भार वाढला की आधी तो तुटावा आणि गिअर, साखळी वाचावी, यासाठीच तो दिलेला असतो. मॉडेलनुसार भागांची जागा बदलते, क्रम बहुधा हाच राहतो.

फेरा कोठे तुटतो? खडूने शोधा

इंजिन बंद असताना जोडलेल्या प्रत्येक दोन भागांवर मिळून एक सरळ रेघ खडूने ओढा. उदाहरणार्थ, स्प्रॉकेट व त्याचा हब, हब व शाफ्ट, कपलिंगचे दोन भाग. पुली आणि यंत्राची न फिरणारी बाजू यांवरही रेघ ओढा. सर्व गार्ड पुन्हा बसवा, माणसे दूर करा आणि लिव्हर चार-पाच सेकंदच ओढून इंजिन बंद करा. यापेक्षा जास्त वेळ ओढल्यास घसरणारा पट्टा जळतो. आता रेघा पाहा. जोडलेल्या भागांवरील रेघ सरळ राहिली, तर ते एकत्र फिरले किंवा दोन्ही जागेवरच राहिले. रेघ तुटली असेल, तर दोष तेथेच आहे. खात्रीसाठी चाचणी दोनदा करा.

लक्षणांवरून दोष

*१. काहीच फिरत नाही.* लिव्हरची केबल किंवा जोडदांडा सैल झाला आहे का, आयडलरची स्प्रिंग ताणून गेली आहे का, आयडलरचे बेअरिंग जाम आहे का ते पाहा. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील किंवा पट्टा पुलीच्या खाचेच्या तळाला टेकत असेल, तर तो कितीही ताणला तरी घसरेल. असा पट्टा बदलाच. पट्ट्यावर तेल किंवा ग्रीस पडले असेल, तर गळती आधी थांबवा. हायड्रॉलिकने उघडणाऱ्या काही यंत्रांत पाइप पूर्ण उघडल्याशिवाय फेरा मिळत नाही. पाइप शेवटच्या टोकापर्यंत उघडला आहे का, हे सर्वात आधी पाहा.

*२. पुली फिरते, ऑगर फिरत नाही.* शिअर बोल्ट तुटला असेल, साखळी निसटली असेल किंवा शाफ्टवरील की कापली गेली असेल. बोल्टचे तुटलेले तुकडे हबमधून पूर्ण काढा. नवीन बोल्ट तुकड्यांवर ठोकू नका.

*३. तळाचा ऑगर फिरतो, पाइपमधील फिरत नाही.* कोपऱ्यातील बेव्हल गिअर किंवा उभ्या ऑगरच्या वरच्या सांध्यातील कपलिंग झिजले असेल. पाइप वळवण्याच्या सांध्यात कपलिंगचे दात एकमेकांत नीट बसत नसतील, तर खडखड आवाज येतो. असा आवाज आल्यास लगेच थांबा.

*४. सर्व फिरते, पण धार बारीक आहे.* चार कारणे तपासा.

- ओल्या धान्याची टाकीत कमान झाली आहे. वरून धान्य भरलेले दिसते, पण ऑगरच्या वर पोकळी असते. इंजिन बंद करून बाहेरूनच लांब लाकडी दांड्याने कमान मोडा.
- तळाच्या ऑगरवरील झाकणपट्ट्या फार खाली बसवल्या आहेत. त्या वर केल्यास धान्य जास्त येते, मात्र भारही वाढतो. एका वेळी थोडे अंतर वाढवून पाहा.
- ऑगरची पाती झिजून कडा सुरीसारख्या धारदार झाल्या आहेत. पाती आणि पाइप यांतील अंतर वाढले की धान्य मागे घसरते व दाणाही फुटतो. अशा पात्यांवर नवी पट्टी वेल्ड करून घ्या किंवा ऑगर बदला.
- इंजिनाचे फेरे कमी आहेत किंवा भाराखाली पट्टा घसरतो.

*५. शिअर बोल्ट वारंवार तुटतो.* हा बोल्टचा दोष नाही. बोल्ट काढून ऑगर पाइप रेंचने हाताने फिरवून पाहा. रिकामा ऑगर एकसारखा फिरला पाहिजे. एकाच जागी अडत असेल, तर ऑगर वाकला आहे किंवा पाइपला पोचा आला आहे. सगळीकडे जड असेल, तर बेअरिंग जाम आहे किंवा कोपऱ्यात जुने धान्य, माती, सोयाबीनच्या काड्या दाबून बसल्या आहेत. हे सर्व ठीक असेल, तर झाकणपट्ट्या फार वर आहेत का ते पाहा.

बोल्ट, पट्टा आणि साखळी

बोल्टच्या डोक्यावरील ४.६, ८.८, १०.९ हे आकडे त्याची ताकद सांगतात. यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्याच आकाराचा व ताकदीचा बोल्ट वापरा. पुस्तिका नसेल, तर मूळ तुटलेला तुकडा दुकानात दाखवा. जास्त ताकदीचा बोल्ट टाकला, तर त्याऐवजी साखळी, शाफ्ट किंवा गिअर तुटेल. हंगामात पाच-सहा योग्य बोल्ट यंत्रावरच ठेवा.

साखळीची ढिलाई दोन स्प्रॉकेटमधील अंतराच्या साधारण २ ते ३ टक्के असावी. म्हणजे अंतर ५० सेंमी असेल, तर मधोमध १० ते १५ मिमी हालचाल पुरेशी आहे. घट्ट साखळी बेअरिंग खाते, सैल साखळी दात उड्या मारते. तितक्याच कड्यांच्या नव्या साखळीपेक्षा जुनी ३ टक्क्यांनी लांबली असेल, तर ती बदला. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकल्यासारखे झिजले असतील, तर तेही सोबत बदला. नाहीतर नवी साखळी लवकर खराब होते.

टाकी भरलेली असताना दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर

ओलसर धान्य रात्रभर टाकीत ठेवू नका, ते तापते. टाकीच्या किंवा उभ्या ऑगरच्या तळाशी सफाईचे झाकण असते. खाली ताडपत्री पसरा, इंजिन बंद ठेवून झाकण थोडे-थोडे उघडा आणि घमेल्याने धान्य उचला. उरलेले धान्य काढताना बाहेर दुसरी व्यक्ती उभी असू द्या. काढलेले सोयाबीन पातळ थरात पसरून वाळवा. साठवणुकीसाठी ओलावा १० ते १२ टक्क्यांपर्यंत आणा.

चालवताना घ्यायची काळजी

- पाइप पूर्ण उघडा, इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवून लिव्हर हळू ओढा, ऑगर फिरू लागल्यावरच फेरे वाढवा. पूर्ण फेऱ्यांवर झटक्याने लिव्हर ओढल्यास बोल्ट तुटतो.
- धान्य अर्धवट टाकून थांबू नका. भरलेल्या उभ्या ऑगरला पुन्हा सुरू होताना सर्वात जास्त जोर लागतो. शक्यतो टाकी व पाइप रिकामे करूनच थांबा.
- रिकामे झाल्यावर ऑगर उगाच फिरवत ठेवू नका. कमी भरलेल्या ऑगरमध्ये दाण्याला जास्त इजा होते.
- पहाटेच्या दवात काढणी सुरू करू नका. ओल्या काड्या व शेंगा टाकीत आल्या की कमान होते.

बियाण्यासाठी सोयाबीन ठेवणार असाल तर

सोयाबीनचे टरफल नाजूक असते. ड्रम आणि झिजलेला ऑगर या दोन्ही ठिकाणी मार बसून उगवण घटते. घरचे बियाणे ठेवायचा प्लॉट शक्यतो कंबाइनने काढू नका. काढावाच लागला, तर आधीच्या शेतातील धान्य पाइप व तळाच्या ऑगरमधून पूर्ण साफ करून घ्या आणि सुरुवातीचे पोतेभर धान्य वेगळे ठेवा. त्यात दुसऱ्या वाणाची व तणाच्या बियांची भेसळ असते. साठवणुकीपूर्वी आणि पेरणीपूर्वी उगवण चाचणी घ्या. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण लागते.

हंगाम संपल्यावर

सफाईची सर्व झाकणे उघडून धान्य काढा, नाहीतर उंदीर येतात आणि ओलाव्याने पाती गंजतात. पट्ट्याचा ताण सैल करा, साखळीला तेल व बेअरिंगला ग्रीस द्या. ऑगर हाताने फिरवून पाहा आणि जड लागत असल्यास तेव्हाच फिटरला दाखवा. भाड्याने कंबाइन बोलावणाऱ्या शेतकऱ्यांनीही काढणी सुरू होण्यापूर्वी चालकाला रिकामा ऑगर एकदा चालवून दाखवायला सांगावे. खडखड आवाज किंवा जळक्या रबराचा वास आला, तर दुरुस्ती टाकी भरण्याआधीच करून घ्यावी.