शेतघरात पाहुणा बसतो का?

माहूरला पाहुण्यांचे उणे कधीच नव्हते. रेणुकामातेचे पीठ, दत्तशिखर, अनसूयाशिखर, राखी पौर्णिमेची परिक्रमा. या डोंगरांतून यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या पायी चालत आला आहे. गडावरच्या राजवटींविषयी पुष्कळ लिहिले गेले. मात्र ही वाट ज्या रानातून आणि शेतांतून जाते, तिथल्या माणसाला यात्रेकरूला ठेवून घेऊन चार पैसे मिळवण्याची मुभा आहे का, याचा शोध घेऊ लागलो की आपण थेट महसुलाच्या दप्तरात शिरतो.

माहूर ज्या किनवट तालुक्यात होते, तो १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचा, म्हणजे हैदराबाद राज्याचा भाग होता. निजामाच्या वनखात्याने राखीव जंगलाच्या सीमा आखल्या आणि जागा बदलत शेती करणारे गोंड-कोलाम आपल्याच रानात अतिक्रमणदार ठरले. ज्यांची वहिवाट टिकली, त्यांच्यापैकी अनेकांची जमीन ‘सिवाय-जमाबंदी’त राहिली. तिचा धारा भरावा लागे, पण पट्टा हाती नसे. रस्ते आणि आगगाडी आली तसे बाहेरचे सावकार-शेतकरीही आले, आणि पट्टे त्यांच्या नावे झाले. १९४० साली जोडेघाटला कोमराम भीम मारला गेला, त्यामागे हाच जंगल-जमिनीचा तंटा होता.

त्यानंतर निजाम सरकारने हाताशी धरलेला अभ्यासक म्हणजे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. महायुद्धामुळे ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानात त्याच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने आली आणि तो हैदराबादेत अडकला. आदिलाबादच्या गोंडांना पट्टे मिळाले, त्यात या अडकण्याचाही वाटा आहे. १३५६ फसलीचा, म्हणजे १९४६ चा, आदिवासी क्षेत्र विनियम याच काळातला. आदिवासीची जमीन परक्याच्या हाती जाऊ नये, हा विचार इथल्या कायद्यात तेव्हापासून रुजला.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका नांदेडला जोडला गेला. सीमेने एक चमत्कारिक गोष्ट केली. पलीकडच्या तेलंगणातला लमाण पुढे अनुसूचित जमातीत गणला गेला. अलीकडचा त्याचाच बंजारा भाऊबंद विमुक्त-भटक्यांत राहिला. जमिनीचे संरक्षण एकाला मिळाले, दुसऱ्याला नाही.

मराठवाड्यातला १३१७ फसलीचा जुना जमीन महसूल कायदा जाऊन त्याजागी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आली. तिच्यातली ‘शेतघरा’ची व्याख्या मुळातून वाचण्याजोगी आहे. अवजारे, खत, वैरण आणि धान्य ठेवायला, गुरे बांधायला, धारकाच्या कुटुंबाला, नोकराला, कुळाला राहायला शेतघर बांधता येते. शेतीच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग असेल तर आणखीही काही चालते. बैलाला जागा आहे, गड्याला आहे. पैसे देऊन मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्याचे नाव या यादीत कुठेच नाही! त्याच्यासाठी खोली बांधली की वापर अकृषिक झाला का, हा वाद तिथून सुरू होतो. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणून अशा केंद्रांना नोंदणी दिली. पण धोरण हा शासन निर्णय असतो आणि संहिता हा कायदा.

आदिवासी शेतकऱ्यापुढे याच संहितेचे कलम ३६-अ उभे असते. १९७४ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार बिगरआदिवासीला पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण द्यायचे तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. त्याहून जास्त काही करायचे तर राज्य शासनाचीही. पाच वर्षांच्या पट्ट्यावर कोणी पक्के बांधकाम करणार नाही, आणि भांडवलवाला भागीदार मिळत नाही ही तक्रार खरीच आहे. तरीही हे कलम सैल करा म्हणणाऱ्यांनी आधी सिवाय-जमाबंदीचा काळ वाचावा. भागीदार म्हणून आलेला माणूस मालक होऊन बसल्याचे या तालुक्याने एकदा पाहिले आहे.

जंगलाचा हिशेब निराळा. वनसंवर्धन कायदा, १९८० प्रमाणे वनजमिनीवर वनेतर काम करायला केंद्राची पूर्वमान्यता लागत असे. २०२३ च्या दुरुस्तीने निसर्ग पर्यटनाच्या सुविधांना त्यातून मोकळीक मिळाली, मात्र त्या कार्य आयोजनेत किंवा वन्यजीव व्यवस्थापन आराखड्यात असल्या पाहिजेत. हे आराखडे वनखाते लिहिते. म्हणजे कोलामपाड्याशेजारच्या रानात तंबू उभे राहू शकतील, पण कोणाचे, ते खात्याच्या टेबलावर ठरेल. त्या पाड्यावरच्या माणसाला वनहक्क कायद्याखाली, २००६ नंतर, मिळालेली जमीन वारसाने जाते. विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

तरी याच कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभेकडे दिले आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेच्या समितीला स्वतःचा व्यवस्थापन आराखडा करता येतो आणि तो वनखात्याच्या आयोजनेशी जोडायचा असतो. जोडताना कोणते बदल करायचे, हे ठरवण्याचा अधिकार नियमाने समितीला दिला आहे. परिक्रमेच्या वाटेवरचा मुक्काम, पाणी, जेवण आणि वाटाड्या हे सारे त्या आराखड्यात लिहिता येईल.