डरहॅमचे पथ्य

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम हे मुळात तंबाखूचे शहर. सिगारेटच्या धंद्यात गब्बर झालेल्या ड्यूक घराण्याने 1924 मध्ये येथील महाविद्यालयाला प्रचंड देणगी दिली, त्याचे विद्यापीठ झाले आणि 1930 मध्ये रुग्णालयही उघडले. पुढे याच रुग्णालयाच्या आधाराने शहराला दुसरी ओळख मिळाली. वजन उतरवण्यासाठी देशभरातून माणसे येथे येऊन महिनोन्महिने मुक्काम करू लागली आणि डरहॅम ‘डाएटची राजधानी’ म्हणून गाजले. या साऱ्याची सुरुवात मात्र लठ्ठपणाच्या नव्हे, तर उच्च रक्तदाबाच्या उपचारातून झाली.

वॉल्टर केंप्नर हे बर्लिनचे डॉक्टर. त्यांच्या आई लिडिया राबिनोविच या क्षयरोगावर काम करणाऱ्या नामवंत जंतुशास्त्रज्ञ, तर भाऊ रॉबर्ट पुढे न्यूरेंबर्ग खटल्यात सरकारी वकील होते. ज्यू वंशाच्या केंप्नर यांना नाझी जर्मनीत भवितव्य नव्हते. 1934 मध्ये ते ड्यूकमध्ये आले. मूत्रपिंडाच्या पेशींचा अभ्यास करताना त्यांनी असा तर्क बांधला की, आजारी मूत्रपिंडावरचा प्रथिने आणि मिठाचा भार जवळजवळ काढून घेतला, तर ते सावरू शकेल आणि त्यापायी चढलेला रक्तदाबही उतरेल. या तर्कातून 1939 मध्ये ‘राइस डाएट’ जन्माला आले.

पथ्य असे होते: रोज 250 ते 350 ग्रॅम कोरड्या तांदळाचा भात, फळे, फळांचा रस आणि साखर. प्रथिने 20 ग्रॅमच्या आसपास, चरबी नाममात्र आणि सोडियम सुमारे 150 मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठात असते साधारण तेवढेच. वरण नाही, तूप नाही, मीठ नाही, अशा भातावर महिनोन्महिने राहायचे. भाताने वजन वाढते असे मानणाऱ्या मराठी वाचकाला नवल वाटेल, पण सुरुवातीला केंप्नर यांच्यापुढे अडचण उलटी होती. हडकुळ्या रुग्णांचे वजन आणखी घटू नये म्हणून आहारात मुद्दाम साखर वाढवावी लागे.

केंप्नर हे पथ्य थोड्याच दिवसांसाठी देत. 1942 मध्ये एका तेहतीस वर्षांच्या स्त्रीला दोन आठवड्यांनी परत यायला सांगितले होते. त्यांच्या जर्मन वळणाच्या इंग्रजीमुळे ती दोन महिने समजली आणि तितके दिवस भातावरच राहिली. परत आली तेव्हा तिचा रक्तदाब 190/120 वरून 124/84 वर आला होता, डोळ्यांच्या पडद्यावरचे रक्तस्राव नाहीसे झाले होते आणि फुगलेले हृदयही आटोपशीर झाले होते. हा योगायोग घडला नसता, तर पथ्याला पुरेसा अवधी कधी मिळाला असता हे सांगणे कठीण आहे.

या निष्कर्षांचे मोल समजण्यासाठी त्या काळाची स्थिती पाहावी लागते. रक्तदाब खात्रीने उतरवणारे सोसण्याजोगे औषध तेव्हा नव्हते. मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया हा एक मार्ग होता, एरवी विश्रांती आणि झोपेची औषधे. खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब 300/190 मोजला गेला होता. केंप्नर यांनी छायाचित्रे आणि क्ष-किरण प्रतिमांसह आपले रुग्ण मांडले, तरी अनेक डॉक्टरांचा विश्वास बसेना. तुलनेसाठी पथ्याविना ठेवलेला गट त्यांच्याकडे नव्हता हा आक्षेप रास्तच होता. पण पथ्य न करता असे रुग्ण किती जगतात, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

1958 च्या सुमारास क्लोरोथायझाइड हे लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारे औषध बाजारात आले आणि रक्तदाबासाठी कोरडा भात गिळण्याची सक्ती उरली नाही. पथ्य मात्र टिकले, कारण दरम्यान त्याचा दुसरा उपयोग हाती आला होता: उष्मांक कमी केले की वजन झपाट्याने उतरे. रुग्ण शहरात खोल्या घेऊन राहत, ‘राइस हाउस’मध्ये जेवत आणि रोज तपासणीला जात. चोरून खारट खाल्ले तर लघवीच्या चाचणीत पकडले जात. 1975 मध्ये केंप्नर यांनी किमान 45 किलो वजन उतरलेल्या 106 रुग्णांचा अहवाल छापला. सरासरी घट 63.9 किलो होती आणि वजनाबरोबर रक्तदाब व रक्तातील साखरही उतरली होती. मात्र निवड मुळात यशस्वी रुग्णांचीच होती. किती जण वाटेत गळाले, हे त्यातून कळत नाही.

डरहॅमची कमजोर बाजूही हीच. शहरात असेपर्यंत वजन उतरे, घरी गेल्यावर चढे, आणि तीच माणसे पुन्हा येत. केंप्नर यांचा इलाज धाकाचा होता. पथ्य मोडणाऱ्या काही रुग्णांना आपण फटके मारले, हे त्यांनी पुढे न्यायालयीन प्रकरणात मान्य केले. त्यांच्या कर्तबगारीवरचा हा डाग झाकण्यासारखा नाही. 1970 च्या दशकात त्याच शहरात जेरार्ड म्युसांते या मानसशास्त्रज्ञाने धाकाऐवजी सवयींवर भर देणारे ‘स्ट्रक्चर हाउस’ काढले.

पुढच्या पिढीतील संशोधनाने वजन आणि रक्तदाबाच्या या प्रश्नाला आकड्यांत बांधले. रक्तदाब किंचित चढलेल्या स्थूल प्रौढांच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत सहा महिन्यांत सरासरी 4.4 किलो वजन उतरले होते, तीन वर्षांनंतर त्यातले जेमतेम 0.2 किलो उरले. मात्र 4.5 किलो किंवा जास्त घट ज्यांनी तीन वर्षे टिकवली, त्यांना उच्च रक्तदाब जडण्याचा धोका सुमारे 65 टक्क्यांनी कमी झाला. 1997 च्या ‘डॅश’ आहाराच्या चाचणीत ड्यूक हे एक केंद्र होते. फळे, भाज्या आणि कमी चरबीचे दूध असलेल्या या आहाराने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी 11.4 ने उतरला. तोही वजन मुद्दाम स्थिर ठेवून, म्हणजे आहाराचा गुण वजनापासून वेगळा करून दाखवता आला.

2008 मध्ये ड्यूकच्या लॉरा स्वेट्की आणि सहकाऱ्यांनी उतरलेले वजन टिकवण्याच्या प्रश्नालाच हात घातला. रक्तदाब किंवा रक्तातील चरबी वाढलेल्या, आणि सहा महिन्यांत किमान 4 किलो उतरवलेल्या 1,032 जणांचे तीन गट केले. पहिला गट आपापल्या मर्जीवर, दुसऱ्याला संकेतस्थळाची साथ, तिसऱ्याशी महिन्यातून एकदा प्रशिक्षित व्यक्तीचे बोलणे, बहुतेक वेळा दूरध्वनीवर पाच ते पंधरा मिनिटे. तीस महिन्यांत पहिल्या गटाचे 5.5 किलो परत चढले, दुसऱ्याचे 5.2, तर तिसऱ्याचे 4.0. संकेतस्थळाचा सुरुवातीचा लाभ अखेरीस विरून गेला होता. तरी एकंदर 71 टक्के लोक चाचणीत आले त्यापेक्षा कमी वजनावर राहिले. फरक दीड किलोचा, दिसायला किरकोळ. पण मोठ्या लोकसंख्येत इतक्यानेही रक्तदाबाचे आकडे हलतात.

केंप्नर 1992 मध्ये निवृत्त झाले, 1997 मध्ये वारले. राइस डाएटचा कार्यक्रम 2002 मध्ये विद्यापीठापासून वेगळा झाला आणि सुमारे दशकभराने बंद पडला.