इंद्रियाचं ‘मूळ’ झालं तेव्हा

जपानी डॉक्टर पुरुषाच्या लिंगाला ‘इन्केई’ म्हणतो. आई बाळाला न्हाऊ घालताना ‘ओचिनचिन’ म्हणते. त्यातला ‘ओ’ आदरार्थी. आणि मित्रांच्या बैठकीत तेच ‘मुसुको’, म्हणजे चिरंजीव होतं. दवाखान्यातला शब्द वेगळा आणि नाक्यावरचा वेगळा, हे आपल्यालाही नवं नाही. पण जपानी यादीतल्या एका शब्दाची नाळ थेट संस्कृतशी जुळते आणि दुसऱ्याबद्दल तसं सांगितलं जातं.

पहिला ‘दान्कोन’. बौद्ध आचार्य वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’त 22 इंद्रियं सांगितली आहेत. त्यात डोळे-कानांच्या पंक्तीला स्त्रीन्द्रिय आणि पुरुषेन्द्रियही आहेत. सातव्या शतकात हा ग्रंथ चिनीत नेला ह्युएन त्संगने. पुलकेशीच्या महाराष्ट्राचं वर्णन लिहून ठेवणारा प्रवासी तो हाच. चिनी भाषांतरांत ‘इंद्रिया’साठी झाडाच्या मुळाचं अक्षर रूढ झालं होतं. त्यामुळे पुरुषेन्द्रियाचं झालं ‘पुरुषमूळ’, जपानी उच्चारात दान्कोन. डोंगर चढताना जपानी यात्रेकरू ‘रोक्कोन शोजो’ असा सहा इंद्रियांच्या शुद्धीचा घोष करतात. त्यातला ‘कोन’ हाच. आज दान्कोन हा ग्रांथिक शब्द आहे. देवळांतल्या दगडी-लाकडी लिंगांविषयी लिहिताना तो हमखास येतो.

दुसरा ‘मरा’. बुद्धाच्या तपात विघ्न आणणारा जो मार, त्याचं नाव ब्रह्मचारी भिक्षूंनी आपापसांत या अवयवाला दिलं, अशी रूढ व्युत्पत्ती आहे. काही जण मात्र तो मलमूत्र विसर्जनाच्या एका जुन्या देशी क्रियापदाशी जोडतात. शब्द कुठूनही आलेला असो, मठात तो राहिला नाही. एप्रिलच्या पहिल्या रविवारी कावासाकीच्या कानायामा देवळातून ‘कानामरा’ उत्सवाची मिरवणूक निघते. ‘काना’ म्हणजे धातू. देवळातले देव लोहारांचे. एदो या जुन्या राजवटीच्या काळात इथे वेश्या गुप्तरोगापासून रक्षण मागायला येत. आता पालखीतून काळं पोलादी लिंग निघतं, मागे एक गुलाबी, आणि रस्त्यात पोराटोरांसकट सगळे त्याच आकाराची लॉलीपॉप चोखत असतात. शिष्टांनी टाळलेला शब्द उत्सवाच्या नावात मात्र उजळ माथ्याने मिरवतो.

वृषणांची कथा याहून गमतीची. बोलीत ती ‘किन्तामा’, म्हणजे सोन्याचे गोळे. तानुकी या रानटी प्राण्याची तर अवाढव्य किन्तामांसाठीच ख्याती. सोन्याचा वर्ख ठोकताना त्याचं कातडं वापरत, त्यावरून ही ख्याती आली असं सांगतात. 1840च्या दशकात चित्रकार कुनियोशीने तानुकींना त्या अवाढव्य पिशवीचं मासेमारीचं जाळं करायला लावलं, पावसात छप्पर करायला लावलं. चित्रांत अश्लीलतेचा मागमूस नाही. आहे ती निव्वळ टवाळी.

वृषणांसाठी डॉक्टरांचा शब्द होता ‘कोगान’. 1946 साली जपानी सरकारने रोजच्या वापराच्या 1850 चिनी अक्षरांची यादी केली, तेव्हा ‘कोगान’चं पहिलं अक्षर तिच्याबाहेर राहिलं. आज शरीररचनेच्या पुस्तकांत ‘सेइसो’, म्हणजे शुक्राचं घरटं, असा शब्द आहे. पुस्तकातलं नाव बदललं. पोरांनी आपलं सोडलं नाही. तानुकीच्या किन्तामांचं गाणं ती आजही म्हणतात, आणि त्याची चाल आहे अमेरिकन पाद्री रॉबर्ट लोरी याने 1864 साली रचलेल्या चर्चच्या एका स्तोत्राची.